पोसायडन, मुक्काम पोस्ट कोल्हापूर

ग्रीसच्या बेटांवरची म्युझियम्स बघायला आपण वर्षभर पैसे साठवतो. त्याच समुद्राकडून दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेला माल मात्र एसटीच्या तिकिटात बघता येतो. कुठे, ते वाचा. आणि कुठे बघता येत नाही, तेही!

गुरुकुंज मोझरीला हायवेलगतच्या टपरीवर चहा घेत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा ऑफिसमधला मित्र. टीममधल्या एकाचं लग्न अमरावतीला. पुण्याहून विमानाने नागपूर आणि तिथून भाड्याची गाडी. मी मूळचा अमरावतीचा, त्यामुळे टूर गाईडची ड्यूटी आपोआप माझ्याकडे. १९३५मध्ये तुकडोजी महाराजांनी इथे आश्रम काढला, वगैरे मी सांगत होतो. मित्र ‘हं, हं’ करत होता आणि अंगठ्याने मोबाईलवरचे फोटो सरकवत होता. महिन्यापूर्वीच तो हनिमूनहून परतलाय. ग्रीस! ऑफिसमध्ये सगळ्यांचे बघून झालेत, मीच राहिलो होतो.

मग काय, सुरू. निळे घुमट. पांढऱ्या भिंती. सूर्यास्त. पुन्हा सूर्यास्त. बायको आणि सूर्यास्त. ग्रिल केलेला ऑक्टोपस (हा फोटो त्याने आईला दाखवलेला नाही). आणि त्या सगळ्या रंगीबेरंगी गर्दीत अचानक एक मातकट फोटो. लांबोडकं मडकं, खाली निमुळतं, दोन्ही बाजूंना उंच कान.

“हे काय रे?”

“अरे, ते कोस बेटावरचं म्युझियम. हिला आत जायचं होतं. मी एसीसाठी गेलो,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

मी फोटो मोठा करून बघितला. मडक्याचा कान एका जाड वळीचा नव्हता. दोन बारीक वळ्या शेजारी शेजारी चिकटवून केलेला होता. मी म्हटलं, “लेका, हा तर कोसचा ट्रेडमार्क! असली मडकी आपल्या देशात उकरून निघालीत.”

मित्राने अशा नजरेने बघितलं, जणू मी अप्रेझलमध्ये पाचपैकी पाच मागितले.

मडक्याचा बॅच नंबर

आता थोडं मडक्याविषयी. या भांड्याला म्हणतात ॲम्फोरा. वाइन, ऑलिव्हचं तेल, खारवलेले मासे भरून जहाजातून पाठवायची त्या काळातली ही कॅन. तळ निमुळता, कारण जहाजाच्या पोटात एकावर एक रचताना वरच्याचं टोक खालच्यांच्या खांद्यांमधल्या फटीत बसतं. घरात ठेवायला अगदीच गैरसोयीचं, पण ते घरासाठी बनलंच नव्हतं. माल पोचला की मडक्याचं काम संपलं.

प्रत्येक बेटाची घडण वेगळी. कोसचा कान जोडवळीचा. ऱ्होड्स बेटाचं तर आणखी भारी. तिथले कुंभार ओल्या कानावर शिक्का मारायचे. एका कानावर कारखानदाराचं नाव, दुसऱ्यावर त्या वर्षीच्या सूर्यदेवाच्या पुजाऱ्याचं नाव आणि महिना. म्हणजे आपल्या बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा बॅच नंबर. पुजाऱ्यांचा क्रम अभ्यासकांनी लावला आहे, त्यामुळे ऱ्होड्सचा शिक्क्याचा एक तुटका कान सापडला तरी त्या थराचा काळ सांगता येतो.

कोसच्या वाइनची खासियत म्हणजे तिच्यात समुद्राचं पाणी घालत. खरंच! केटो नावाच्या रोमन गृहस्थाने शेतीवरच्या आपल्या पुस्तकात घरच्या घरी कोसची वाइन करण्याची कृती दिली आहे, तीही ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात. पुढे इटलीत जोडकानाच्या मडक्यांची सर्रास नक्कल झाली. ब्रँडेड माल आणि त्याची कॉपी हे प्रकरण आपल्या फॅशन स्ट्रीटपेक्षा बरंच जुनं आहे.

पाँडिचेरीजवळ अरिकामेडूला १९४५मध्ये मॉर्टिमर व्हीलरने उत्खनन केलं, तिथे या मडक्यांचे ढिगाने तुकडे निघाले आणि त्यांत कोसचे ओळखले गेले. आपल्याकडे नेवाश्याला डेक्कन कॉलेजने १९५४पासून खोदलं, तिथेही भूमध्य समुद्राकडच्या ॲम्फोरांचे तुकडे मिळाले. (होय, ज्ञानेश्वरीचं नेवासं.) एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. पूर्वी भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदवलेले बरेच तुकडे नंतर इराण-इराकच्या बाजूच्या वेगळ्याच रांजणांचे निघाले. तेव्हा दिसलं खापर की ‘ग्रीक, ग्रीक’ असं ओरडायचं नाही.

हा माल यायचा कसा? इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून मान्सूनच्या वाऱ्यावर. पहिल्या शतकातल्या एका निनावी व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत या प्रवासाची गाईडच लिहून ठेवली आहे, ‘पेरिप्लस’. तो सांगतो, भडोचला वाइन उतरते, तीही इटलीची जास्त खपते. राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी मुलं येतात. आणि भडोचहून वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. वाटेत धड रस्ते नाहीत, तरी बैलगाड्या भरून माल येतो, अशी तक्रारही त्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही रस्त्यांची बोंबच!

ज्याचं त्याला

“पण मग ते सगळं आता कुठंय?” मित्राने विचारलं. चहा संपला होता, पण प्रश्न मुद्द्याचा होता.

याचं उत्तर देण्याआधी त्याला विचारलं, “ग्रीसमध्ये बेटागणिक एवढी म्युझियम्स कशाला काढली असतील त्यांनी?”

त्याने खांदे उडवले. टुरिस्टसाठी, आणखी कशाला?

तेही आहेच. पण त्यामागे एक जुनं दुखणं आहे. १८११मध्ये एजिना बेटावरच्या अफायाच्या देवळाची शिल्पं सापडली, ती बव्हेरियाच्या युवराजाने विकत घेतली आणि आज ती म्युनिकला आहेत. १८२०मध्ये मिलोस बेटावर एका शेतकऱ्याला शेतात संगमरवरी स्त्रीमूर्ती मिळाली. वर्षभरात ती पॅरिसला पोचली. तीच ती जगप्रसिद्ध ‘व्हीनस द मिलो’, लूव्ह्र म्युझियमची राणी. १८६३मध्ये सॅमोथ्रेस बेटावरची पंखवाली विजयदेवताही तिच्याच मागोमाग लूव्ह्रला गेली. आता मिलोस बेटावरच्या छोट्याशा म्युझियममध्ये गेलात, तर त्यांची व्हीनस तुम्हाला दिसते, पण प्लास्टरची. कॉपी! आपल्याच लेकीचा फोटो भिंतीवर लावून ठेवावा, तशी.

म्हणून स्वतंत्र झाल्याबरोबर ग्रीकांनी पहिलं राष्ट्रीय म्युझियम उभं केलं, ते १८२९मध्ये, एजिनाच्याच बेटावर. आणि पुढे बेटागणिक उभी राहिली. ऱ्होड्सचं म्युझियम पंधराव्या शतकातल्या सरदारांच्या इस्पितळात आहे. डेलॉस बेटावर आता वस्ती जवळजवळ नाही, तरी तिथे १९०४पासून म्युझियम आहे. जिथे निघालं तिथेच, त्याच उन्हात, त्याच समुद्राच्या वासात ते बघायचं, हा त्यातला विचार. मित्राच्या फोटोतलं मडकं कोसमध्ये घडलं आणि कोसमध्येच आहे, म्हणून ते बघताना बाहेर द्राक्षांचे मळे दिसतात.

“मी मळे नाही बघितले,” मित्र म्हणाला. “एसीत होतो ना.”

पंचगंगेच्या काठी

आपल्याकडे हा विचार शंभर टक्के जमलाय, असं उदाहरण द्यायचं तर मी कोल्हापूरचं देईन. तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ, रंकाळा, महाद्वार रोडवरची चप्पल... कोल्हापूरच्या वीकएण्डचं आपलं वेळापत्रक ठरलेलं. त्यात टाऊन हॉल कोणी धरत नाही. काही वर्षांपूर्वी मीही धरला नव्हता. पाऊस आला म्हणून आत शिरलो.

चार्ल्स मँटने आखलेली ही इमारत १८७२ ते १८७६च्या दरम्यान बांधली गेली. उंच छप्पर, कमानी, बाहेर मोठाली झाडं. आत कोल्हापूर वस्तुसंग्रहालय. तोफा, मूर्ती, चित्रं बघत चालत होतो, तेवढ्यात एका काचेपलीकडे हा उभा दिसला. ब्राँझचा, हाताच्या पंजात मावेल एवढा. दाढीवाला, उघडा, पिळदार. उभं राहण्याची ऐट अशी, की जिममध्ये सहा महिने जाऊनही आपल्याला जमणार नाही. पोसायडन! ग्रीकांचा समुद्राचा देव. त्रिशूळ ही त्याचीही खूण. आपल्या महादेवाच्या हातातलं शस्त्र त्याच्याही हातात, त्यामुळे कोल्हापुरात त्याला फार परकं वाटलं नसावं.

हा इथे आला कसा? कोल्हापुरात पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाचं टेकाड आहे. १९४४-४५च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदनगार यांनी तिथे खणायला सुरुवात केली आणि सातवाहन काळातल्या वस्तीत ब्राँझच्या वस्तूंचा साठा हाती लागला. पोसायडन, एक डौलदार सुरई, आरसा, पर्सियस आणि अँड्रोमेडा यांची कथा कोरलेली चकती. त्यांच्याच सोबत अस्सल देशी हत्तीही, वर माणसं बसलेला. पाठोपाठ १९४५-४६मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी त्या टेकाडाचं शिस्तशीर उत्खनन केलं. १९५२मध्ये अहवाल आला. पुण्यात येरवड्याच्या सिग्नलला अडकलात की आठवा, ते डेक्कन कॉलेज तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

पोसायडनची घडण अलेक्झांडरचा शिल्पकार लायसिपस याच्या वळणाची मानतात. पण ही मूर्ती त्याच्या काळातली नाही. रोमन साम्राज्यात, साधारण पहिल्या शतकात ओतलेली. म्हणजे देव ग्रीक, कारागीर रोमन अमलातला, गिऱ्हाईक सातवाहनांच्या राज्यातलं. ग्लोबलायझेशन १९९१ला सुरू झालं असं कॉलेजमध्ये शिकलो होतो आपण!

मला त्या साठ्यात सगळ्यात जास्त आवडते ती त्याची सरमिसळ. ज्याच्या घरात हे होतं तो कोण असेल? कोकणातल्या बंदरातून घाट चढून माल आणणारा व्यापारी? की मोडीच्या भावात ब्राँझ घेऊन वितळवणारा तांबट? त्याने पोसायडनला देव म्हणून ठेवलं होतं, शो-पीस म्हणून, की वजनावर? काचेपुढे उभं राहून मी बराच वेळ याचाच विचार करत होतो. पाऊस थांबल्याचंही कळलं नाही.

आणि मग बाहेर पडलो, तर ब्रह्मपुरी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. पंचगंगा तीच. घाटावर म्हशी धुतल्या जात होत्या. हाच पोसायडन मी दिल्लीत बघितला असता, तर ‘अरे वा’ म्हणून पुढे गेलो असतो.

मुंबईकरांनी रागावू नये. तुमच्याकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३मध्ये ब्रिटिश म्युझियम, बर्लिन आणि गेटीकडून ग्रीस, रोम, इजिप्त, असिरियाची अस्सल शिल्पं आली होती. ज्यांनी बघितली ते नशीबवान. पण ते पाहुणे होते, मुदत संपली, परत गेले. कोल्हापूरचा पोसायडन पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन राहिला.

एका माणसाचं वेड

दुसरं नाव तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, गोरा कुंभाराचं गाव. कुंभाराच्या गावात मातीच्या वस्तूंचं म्युझियम असावं, हा योगायोग मला फार गोड वाटतो. पण त्यामागे सरकारी योजना नव्हती. रामलिंगप्पा लामतुरे नावाचे तिथले गृहस्थ. गावातल्या पांढरीच्या टेकाडांतून लोकांना काय काय मिळायचं. मणी, बाहुल्या, नाणी, दिवे, हाडाच्या फण्या. मुलं खेळायची, बायका चुलीमागे ठेवायच्या. लामतुऱ्यांनी ते गोळा करायला सुरुवात केली आणि हजारो वस्तूंचा संग्रह केला. पुढे तो सरकारकडे आला. आज तेरच्या म्युझियमला त्यांचंच नाव आहे.

तिथली एक हस्तिदंती बाहुली बघितलीच पाहिजे. कारण तिची बहीण इटलीत आहे! इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपे शहरात १९३८मध्ये हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या म्युझियममध्ये असते. तिच्याशी नातं सांगणारी एक मूर्ती तेरला, आणि दुसरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, १९७३च्या उत्खननात मिळालेली. भोकरदन म्हणजे आमच्या बुलढाण्याला अगदी चिकटून. तेव्हा जहाजं येताना वाइन आणत आणि जाताना आपल्या कारागिरांचं काम नेत. नुसतंच इंपोर्ट नव्हतं काही.

लामतुऱ्यांच्या जागी कोणी नसतं तर? त्या वस्तू मिळाल्या असत्याच. आणि गेल्याही असत्या. ज्याने ज्या भावात मागितल्या, त्या भावात.

तेवढ्यासाठी अगदी तेरपर्यंत जायला वेळ नसेल तर पुणेकरांनो, कार्ल्याच्या लेण्यात पुढच्या वेळी चैत्यगृहाच्या खांबांवर नजर टाका. शंभरदा गेला असाल, चिक्की घेऊन परत आला असाल. त्या खांबांवर देणगीदारांची नावं कोरली आहेत आणि त्यांतले कितीतरी स्वतःला धेनुकाकटचे ‘यवन’ म्हणवतात. एकाचं नाव सिंहध्य. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. हे सगळे ग्रीक होते की पश्चिमेकडून आलेल्या कुणालाही यवन म्हणत, यावर अभ्यासक भांडतात. पण परगावी स्थायिक होऊन तिथल्या मंडळाला वर्गणी देणारे लोक आपण सगळेच ओळखतो. हिंजवडीतल्या प्रत्येक सोसायटीत असतात. मी स्वतः त्यांतलाच.

आणि आमचं वऱ्हाड?

एवढं बोलून झाल्यावर मित्राने नेमकी दुखरी नस पकडली. “तुमच्या इथे काय आहे?”

टपरीवाले काका मघापासून ऐकत होते. तेच बोलले, “काहून जी, कौंडण्यपूर हाय ना. इथून काही दूर नाही. रुक्मिणीचं माहेर हाय थे.”

लग्न संध्याकाळचं होतं. हातात चार तास होते. हायवे सोडला आणि कुऱ्ह्याच्या बाजूने निघालो. दोन्हीकडे वेचणीला आलेली कपाशी, फुलावर आलेली तूर, मधूनच संत्र्याच्या बागा. मित्र पहिल्यांदा मोबाईल खिशात घालून बाहेर बघत होता.

वाटेत त्याला तऱ्हाळ्याची गोष्ट सांगितली. १९३९मध्ये तेव्हाच्या अकोला, आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला. दीड हजाराच्या वर नाणी. सोनं नाही, चांदी नाही, पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि त्यांत कुंभ, कर्ण, शक असे सातकर्णी निघाले, ज्यांची नावं पुराणांच्या यादीतही नव्हती. विचार करा, राजे होऊन गेले, राज्य केलं, आणि कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत. त्यांची साक्ष द्यायला उरली ती वऱ्हाडातल्या एका गावात पुरलेली चिल्लर. आज तऱ्हाळ्यात उभं राहून त्या गावाला हे सांगणारं काही दिसत नाही.

कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या काठावर आहे. पलीकडे वर्धा जिल्हा. विठ्ठल-रुक्मिणीचं मंदिर आहे, आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. दर्शन घेतलं. आणि मंदिराच्या आजूबाजूला बघितलं की लक्षात येतं, आपण टेकाडावर उभे आहोत. माती पांढरट, भुसभुशीत. पावसाने कापलेल्या घळींत खापऱ्याच खापऱ्या. काळ्या, तांबड्या, आत काळ्या बाहेर तांबड्या.

आता हे वाचा आणि मघाचं नाव आठवा. या टेकाडाचं उत्खनन १९६०च्या दशकात केलं मो. गं. दीक्षितांनी. तेच, ब्रह्मपुरीचे! मणी आणि काच हा त्यांचा खास विषय. त्यांनी इथे महापाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आणली, १९६८मध्ये अहवाल छापला गेला. लायब्ररीत मिळतो. म्हणजे एकाच माणसाने दोन नद्यांकाठची दोन टेकाडं खोदली. पंचगंगेकाठच्या वस्तू बघायला तुम्ही कोल्हापुरात उतरता, रस्सा ओरपता आणि टाऊन हॉलमध्ये शिरता. वर्धेकाठच्या गोष्टीसाठी तुम्हाला अहवालाची पानं उलटावी लागतात.

इथे पोसायडन नव्हता निघाला, हे मान्य. वऱ्हाड समुद्रापासून लांब. पण व्यापाराला एक टोक नसतं. नागपूरजवळ माहुरझरीला अकीक आणि स्फटिकाचे मणी घडवण्याचा मोठा उद्योग होता. भडोचच्या धक्क्यावर वाइनच्या बदल्यात जे काही जहाजात चढायचं, त्यात ‘पैठणहून येणारा अकीक’ पेरिप्लसवाल्याने मुद्दाम नोंदवलाय. दख्खनच्या खड्यांवर त्या लोकांचा जीव होता. मग आपल्या बाजूचं टोक दाखवणारं काचेचं एक कपाट मोझरी, तिवसा किंवा कौंडिण्यपुरात असायला काय हरकत आहे? नागपूरचा अजब बंगला १८६३चा आहे, आम्ही शाळेच्या सहलीत दोनदा बघितलाय, जागा मस्त आहे. पण माझ्या पिढीतल्या अमरावतीच्या पोरांना वाटायचं की इतिहास ही नागपूरला जाऊन बघायची गोष्ट असते.

मी हे सगळं तावातावाने बोलत होतो आणि मित्र खाली वाकून खापऱ्या बघत होता. त्याने एक उचलली. गाडग्याचा काठ, कुंभाराच्या बोटाची रेघ अजून स्पष्ट. त्याने त्या रेघेत आपलं बोट ठेवून बघितलं. कोसच्या म्युझियममध्ये हे करता आलं नसतं. मी म्हटलं, जिथून उचललीस तिथेच ठेव. त्याने ठेवली.

तेवढ्यात आठ-दहा वर्षांचा एक मुलगा आला. बराच वेळ लांबून आमच्याकडे बघत होता. त्याने खिशातून काडेपेटी काढली आणि उघडली. आत कापसाच्या बोंडातला थोडा कापूस, आणि त्यावर दोन मणी. एक लालसर, मधाच्या रंगाचा, दुसरा फुटका, पांढऱ्या पट्ट्याचा. आरपार भोक.

“पावसात सापडले,” तो म्हणाला. “घेता का जी?”

मित्राचा हात पाकिटाकडे गेला, तो मी धरला. जुनी वस्तू अशी विकत घ्यायची नसते, त्यासाठी १९७२चा कायदा आहे. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांच्या वरचं धन कलेक्टरला कळवायचं, हा तर १८७८पासूनचा. मी त्या पोराला समजेल अशा भाषेत सांगितलं की हे तुझ्या गावचं आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं असू शकेल, विकू नको.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, “कोणाले देऊ मंग?”

तेरच्या पोराने हा प्रश्न विचारला असता, तर बोट दाखवायला एक दार होतं. मी ग्रामपंचायत म्हणालो, मग शाळेतले सर म्हणालो, मग कलेक्टर ऑफिस म्हणालो. प्रत्येक वेळी तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि माझा आवाज खाली येत होता. मित्राने मण्यांचा फोटो काढला, पोराच्या तळहातासकट.

पोराने काडेपेटी बंद केली, खिशात घातली आणि घळीतून उड्या मारत नदीकडे गेला.